‘बर्न डाउन’ आणि ‘बर्न अप’

प्रश्न असा आहे की, आग वर चढत असताना इमारत जळाली की इंग्रजीत ‘बर्न डाउन’ का म्हणतात, ‘बर्न अप’ त्याहून वेगळे आहे काय, आणि दोन्हींना ‘जळून खाक होणे’ हा एकच मराठी प्रयोग पुरेल काय.

‘डाउन’चा संबंध ज्वाळांच्या दिशेशी नसून जळणाऱ्या वस्तूच्या गतीशी आहे. जे उभे होते ते आगीमुळे भुईला मिळाले, एवढेच ते सांगते, म्हणून नाशाच्या अर्थी हा प्रयोग घर, गोदाम, नाट्यगृह अशा उभ्या बांधकामांनाच शोभतो. लंडनचा क्रिस्टल पॅलेस 30 नोव्हेंबर 1936 च्या रात्री ‘बर्न डाउन’ झाला. तो मुख्यतः लोखंडाचा आणि काचेचा होता, आणि लोखंडाची काही राख होत नाही. तेव्हा तेथे ‘खाक’ म्हणण्यापेक्षा ‘आगीत जमीनदोस्त झाला’ म्हणणे नेमके ठरेल. उलट पॅरिसच्या नोत्र दाममध्ये 15 एप्रिल 2019 रोजी छप्पर जळाले, मधला उंच कळस कोसळला, तरी दगडी भिंती आणि दर्शनी बाजूचे दोन्ही मनोरे उभे राहिल्यामुळे त्या घटनेला हा प्रयोग लावता येत नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या 1828 मधील आगीविषयी लिहिताना मी तो आतल्या लाकडी महालांपुरताच वापरीन, कारण तटबंदी, दिल्ली दरवाजा आणि महालांची जोती आजही जागेवर आहेत. (आपली वृत्तपत्रे एक खोली जळाली तरी घर ‘जळून खाक’ करून मोकळी होतात, ते वेगळेच.)

‘अप’मध्ये पडण्याचा भाग नाही, वस्तू जळून संपली, हा त्याचा आशय आहे. ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांतही हाच ‘अप’ आढळतो. मीर हे रशियन अंतराळस्थानक 23 मार्च 2001 रोजी वातावरणात शिरले, तेव्हा त्याचा बराचसा भाग ‘बर्न अप’ झाला आणि उरलेले तुकडे दक्षिण प्रशांत महासागरात पडले. अशा ठिकाणी ‘जळून नष्ट झाला’ किंवा ‘भस्मसात झाला’ हे चपखल बसते. संपण्याची ही छटा मराठी बहुधा सहायक क्रियापदाकडे सोपवते: कागद जळाला म्हटल्यावर तो कोपऱ्यावरही जळलेला असू शकतो, पण ‘जळून गेला’ म्हटले की विषय संपतो. कोणी मुद्दाम जाळला असेल, तर ‘जाळून टाकला’.

दोन्ही क्रियापदे इंग्रजीत सकर्मकही चालतात आणि अकर्मकही. कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच यावे लागते. ‘बर्न इट डाउन’ बरोबर, ‘बर्न डाउन इट’ चूक.

नाशाशी संबंध नसलेले अर्थही आहेत. मेणबत्ती ‘बर्न डाउन’ होते म्हणजे जळत जळत आखूड होते, शेकोटी होते म्हणजे निवत येते, आणि माणसाविषयी ‘ही इज बर्निंग अप’ म्हटले तर त्याचे अंग तापाने फणफणले आहे, एवढाच अर्थ घ्यावा.