पूरग्रस्त गावात पहिल्यांदाच मदतीला जाताय?

नक्की जा. फक्त गेल्या गेल्या "काय काय गेलं, कसं झालं" असं खोदून विचारू नका, नवीन लोकांकडून हीच चूक सगळ्यात जास्त होते. २०२१ ला चिपळूणमध्ये बघितलंय, आधी दुकानातला चिखल उपसायला हात लावला, भिजलेलं रेशनकार्ड वाळत घातलं की माणूस आपसूक बोलायला लागतो, मग मध्ये न तोंड घालता ऐका.

- "जीव वाचला ना, बास" असलं बोलू नका
- भरपाईचं आश्वासन अजिबात नको
- रडणाऱ्याचा व्हिडिओ तर नाहीच

पाऊस वाजला की दचकणं, झोप न लागणं सुरुवातीला बऱ्याच जणांना होतं, हळूहळू कमी होतं. पण कुणी मरणाची भाषा केली तर एकटं सोडू नका, टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लावून द्या, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. समुपदेशनाचं ट्रेनिंग वगैरे नंतर बघू.