निरोप समारंभात पहिल्यांदाच बोलणार आहेस?

अरे वा! तीन मिनिटं पुरेत. दहावीच्या निरोपाची भाषणं मी २० वर्षं बसवून घेतोय. हमखास होणारी चूक म्हणजे पाचवीपासूनचं सगळं सांगायला जाणं. एकच प्रसंग धर. बाकावर कर्कटकाने कोरलेलं नाव, मधल्या सुट्टीत मित्राच्या डब्यात ढकललेली कारल्याची भाजी, असलं काहीतरी. 'ज्ञानमंदिर', 'जड अंतःकरणाने' खोडून टाक. आधीचे चौघे तेच म्हणून गेलेले असतात.

- शिपाईकाकांचं नाव घे, सगळे विसरतात.
- सरांची नक्कल करायचीय? आधी त्यांनाच विचार.
- कागद हातात असू दे, पण पहिली दोन वाक्यं पाठच हवीत.

रडू आलं तर थांब, पाणी पी. भाषणात चारोळ्या घालायच्या का, ते नंतर बघू. बोर्डाचा अभ्यास झालाय ना?