‘मास इफेक्ट’चा पहिला भाग वगळून दुसऱ्यापासून सुरुवात करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की ‘मास इफेक्ट’ या विज्ञानकथेवरील व्हिडिओ गेमचा पहिला भाग सुरू केला, सिटाडेल या अवकाशस्थानकावर पोहोचेपर्यंत कंटाळा आला, बंदूक चालवण्यात मजा वाटत नाही, आणि दुसरा भाग फार सरस आहे असे सगळेच सांगतात, तर थेट दुसऱ्यापासून खेळले तर चालेल का, आणि पुढचे भाग पहिल्यापेक्षा खरोखर सुधारत गेले आहेत का? हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे उत्तर एकत्रच देतो. माझे मत असे आहे की खेळ म्हणून दुसरा भाग पहिल्यापेक्षा निःसंशय सुधारला आहे, परंतु विज्ञानकथा म्हणून तिन्ही भागांत पहिलाच वरचढ आहे, आणि दुसऱ्या भागाचे जे प्रसंग लोकांच्या मनात घर करून राहिले त्यांतील बऱ्याच प्रसंगांची पायाभरणी पहिल्या भागात झालेली आहे. म्हणून पहिला भाग वगळू नये. पुढील विवेचनात काही रहस्यभेद अपरिहार्य आहे. पहिल्या भागातील सर्वांत मोठा उलगडा मात्र मी मुद्दाम सांगणार नाही.

बायोवेअर या कॅनडातील कंपनीने पहिला भाग २००७ मध्ये एक्सबॉक्स ३६० साठी काढला आणि पुढच्या वर्षी तो पीसीवर आला. दुसरा भाग जानेवारी २०१० मध्ये आणि तिसरा मार्च २०१२ मध्ये आला. तिन्ही भाग एकत्र करून सुधारलेली ‘लेजंडरी एडिशन’ मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तुम्ही कोणती आवृत्ती खेळत आहात हे लिहिलेले नाही, पण ही नसेल तर आधी ती घ्यावी.

बंदुकीविषयीची तुमची तक्रार रास्त आहे. पहिल्या भागाच्या मूळ आवृत्तीत नेम तुमच्या हाताच्या कौशल्यावर कमी आणि पात्राला दिलेल्या गुणांवर अधिक अवलंबून असे. स्नायपर रायफलचे प्रशिक्षण न घेतलेल्या शेपर्डने, म्हणजे तुम्ही चालवता त्या नायकाने, दुर्बिणीतून पाहिले की ती इतकी डोलत असे की समोर उभा असलेला शत्रूही निसटावा. त्यात भर म्हणजे सामानाची यादी. शत्रूंकडून मिळालेल्या बंदुका, चिलखते आणि गोळ्यांचे प्रकार एकाच लांबलचक यादीत साठत जात, मर्यादा १५० वस्तूंची, आणि ती भरली की एकेक वस्तू वितळवून ओम्नी-जेल करत बसावे लागे. दुसऱ्या भागाने ही यादी जवळपास संपूर्ण काढून टाकली, आडोसा घेणे सहज केले आणि गोळी नेम धरला तिथेच लागू लागली. शत्रूंच्या संरक्षणाचे थर वेगळे झाले, म्हणजे शील्डसाठी ओव्हरलोड, बायोटिक (मनःशक्तीने उभारलेल्या) कवचासाठी वॉर्प आणि चिलखतासाठी इन्सिनरेट या शक्ती, त्यामुळे सोबत कोणाला न्यायचे हा विचार प्रत्येक मोहिमेपूर्वी करावा लागू लागला. तिसऱ्या भागाने याच्याही पुढे जाऊन शस्त्रांच्या वजनाचा हिशेब आणला: ओझे जितके कमी तितक्या लवकर तुमच्या शक्ती पुन्हा वापरता येतात. केवळ चकमकींच्या कसोटीवर हे तिन्ही भाग चढत्या क्रमाने लागतात, आणि याबाबतीत मतभेदाला फारसा वाव नाही.

पण या सुधारणेची किंमत कशी मोजली गेली हे एका छोट्या गोष्टीवरून नीट कळते. पहिल्या भागात बंदुकीतील गोळ्या कधी संपत नाहीत. त्यामागे व्यवस्थित कारण दिलेले आहे: बंदुकीत धातूचा एक ठोकळा असतो, त्यातून अगदी सूक्ष्म कण खरवडून काढला जातो आणि त्याचे वस्तुमान कमी करून तो प्रचंड वेगाने फेकला जातो, एका ठोकळ्यातून हजारो कण निघत असल्यामुळे गोळ्यांची ददात नसते, अडचण असते ती उष्णतेची. म्हणून सलग झाडत राहिलात की बंदूक तापते आणि थंड होईपर्यंत तुम्ही निःशस्त्र असता. ज्या कल्पनेवर संपूर्ण विश्व उभे आहे तीच कल्पना येथे तुमच्या हातातील शस्त्रापर्यंत पोहोचलेली दिसते. दुसऱ्या भागात मात्र ‘थर्मल क्लिप’ आल्या, ज्या उष्णता शोषून बाहेर पडतात आणि ज्या जमिनीवरून वेचत फिरावे लागते. नाव काहीही असो, व्यवहारात ती काडतुसेच झाली. चकमकीला त्यामुळे गती आली हे मान्यच आहे, कारण खेळाडूला आडोशामागून बाहेर पडावे लागते. पण स्पष्टीकरण असे दिले की दोन वर्षांत साऱ्या आकाशगंगेने जुनी शस्त्रे टाकून ही पद्धत स्वीकारली. जेकब या सोबत्याच्या मोहिमेत तुम्ही दहा वर्षांपूर्वी कोसळलेल्या जहाजावरील लोकांचा शोध घेता, आणि बाहेरच्या जगाशी संपर्क तुटलेल्या त्या ग्रहावरही या नव्या क्लिपा पडलेल्या सापडतात. पहिल्या भागात जग आधी रचले होते आणि खेळाचे नियम त्यातून काढले होते. दुसऱ्यात नियम आधी ठरले आणि जग त्यांच्या मापाने कापले गेले.

पहिल्या भागाचे खरे वैभव या रचनेत आहे. एलिमेंट झीरो नावाच्या पदार्थातून विद्युतप्रवाह सोडला की आसपासच्या वस्तूंचे वस्तुमान कमीजास्त करता येते, एवढी एकच कल्पित गोष्ट मान्य केली की प्रकाशापेक्षा वेगवान जहाजे, शील्ड, बायोटिक शक्ती आणि बंदुका या सगळ्या तिच्यातूनच निघतात. मानवाला हे ज्ञान २१४८ मध्ये मंगळावरील प्रोथियन या लुप्त वंशाच्या अवशेषांतून मिळते, प्लूटोचा चंद्र शॅरन हा बर्फात गोठलेला मास रिले, म्हणजे जहाजांना दूरच्या ताऱ्यांकडे झेप घेऊ देणारे यंत्र, असल्याचे उघडकीस येते, २१५७ मध्ये ट्युरियन या परग्रहवासी वंशाशी युद्ध होते, आणि २१८३ मध्ये कथा सुरू होते तेव्हा मानव हा आकाशगंगेचा कारभार पाहणाऱ्या परिषदेच्या दारात उभा असलेला, नुकताच आलेला आणि पुरेसा विश्वास न कमावलेला वंश असतो. ज्या सिटाडेलवर तुम्हाला कंटाळा आला तेथे हेच सारे पसरलेले आहे. व्होलस वंशाच्या राजदूताशी बोला. त्याच्या वंशाने परिषदेतील जागेसाठी किती पिढ्या वाट पाहिली आहे हे ऐकल्यावर मानवांच्या उतावळेपणाकडे इतर वंश कोणत्या नजरेने पाहतात ते आपोआप कळते. लिफ्ट संथ होत्या हे खरे, त्या लोडिंग झाकण्यासाठीच होत्या. पण त्यांत सोबतचे दोघे एकमेकांशी बोलत आणि बातम्यांत तुम्ही नुकत्याच पार पाडलेल्या मोहिमेचा उल्लेख येई. दुसऱ्या भागात त्यांच्या जागी लोडिंगचे पडदे आले आणि ही संभाषणे गेली. मला त्यांची उणीव आजही जाणवते.

व्हर्मायर ग्रहावर सॉव्हरिनशी होणारे संभाषण हे माझ्या दृष्टीने संपूर्ण त्रयीतील सर्वोत्कृष्ट पाच मिनिटे आहेत. तोपर्यंत तुम्ही सॉव्हरिनला खलनायक सारेनचे जहाज समजत असता. ते बोलू लागते आणि सांगते की तुमची संस्कृती आमच्या मास रिलेंच्या तंत्रज्ञानावर उभी आहे, ते वापरल्यामुळे तुमचा विकास आम्हाला हव्या असलेल्या वाटेनेच होतो, आणि संस्कृती वैभवाच्या शिखरावर पोहोचली की तिचा अंत केला जातो. तेथे ना स्फोट आहे ना पाठलाग. एका खोलीत लाल प्रकाशातील एक प्रतिमा आणि तिच्यासमोर तुमचे तिघे, एवढेच. ज्या सोयीला आपण आपले भाग्य समजलो ती कोणाची तरी योजना होती, हा विचार पुढच्या दोन्ही भागांत इतक्या नेमकेपणाने पुन्हा कधी आला नाही. याच विचाराचे दुसरे टोक आयलोस ग्रहावर सापडते, ते तुम्ही स्वतः पाहावे.

पहिल्या भागातील मेको गाडी आणि ती जिथे फिरते ते निर्जन ग्रह यांच्याविषयी फार लिहीत नाही. तेथील तळ आणि खाणी दोन-तीन आराखड्यांतून पुन्हा पुन्हा वापरलेल्या आहेत, आणि डोंगर चढताना गाडी कोलांट्या घेत असे. तरीही दुसऱ्या भागाने त्याऐवजी जे दिले, म्हणजे ग्रहावर यंत्र फिरवत पॅलेडियम आणि इरिडियम शोधणे, ते अधिक कंटाळवाणे आहे. मेकोतून उतरल्यावर क्षितिजावर उगवणारा अवाढव्य वायुग्रह तरी दिसत असे.

आता दुसऱ्या भागाचे श्रेय. पात्रलेखनात तो पहिल्याच्या खूप पुढे आहे. पहिल्यात सहा सोबती होते, येथे मूळ गेममध्ये दहा आणि डीएलसीसह (वेगळ्या मिळणाऱ्या जोडभागांसह) बारा आहेत, आणि जवळपास प्रत्येकाला स्वतःची मोहीम आहे. मॉर्डिन हा सॅलॅरियन शास्त्रज्ञ घ्या. क्रोगन या लढवय्या वंशाच्या हजार गर्भांतून एखादाच जगावा अशी जी जेनोफाज नावाची जैविक व्यवस्था त्यांच्यावर लादलेली आहे, तिला क्रोगन दाद देईनासे होऊ लागले तेव्हा ती पुन्हा परिणामकारक करणाऱ्या गटात तो होता. टुचांका या क्रोगनांच्या ग्रहावरील मोहिमेत उपचाराच्या आशेने स्वतःहून प्रयोगाला तयार झालेल्या एका क्रोगन स्त्रीचा मृतदेह त्याला दिसतो. भरभर बोलणारा हा माणूस तेथे थांबतो, तिच्यासाठी प्रार्थना म्हणतो, आणि लगेच आपले काम गरजेचेच होते हेही आकडेमोड करून सांगतो. दोन्ही गोष्टी त्याला मनापासून पटलेल्या असतात. एवढे सखोल पात्र पहिल्या भागात नाही.

शेवटच्या मोहिमेची रचना तर आजही अभ्यासण्यासारखी आहे. जहाजाचे चिलखत, शील्ड आणि तोफ सुधारली नसेल तर वाटेतच सोबती मरतात. वायुवाहिनीतून जाण्यासाठी तंत्रज्ञ म्हणून चुकीची व्यक्ती निवडली, बायोटिक कवच धरण्याचे काम कमकुवत व्यक्तीला दिले, किंवा मागे राहणाऱ्या तुकडीत पुरेसे बळकट लोक ठेवले नाहीत, तर त्याची शिक्षा ताबडतोब मिळते. तुम्ही ज्या लोकांना वीस-तीस तास ओळखत आला आहात त्यांच्या स्वभावाची आणि कौशल्याची ही परीक्षा असते. दोनपेक्षा कमी सोबती वाचले तर शेपर्डही मरतो.

परंतु मूळ कथेच्या बाबतीत हा भाग जागेवरून फारसा हलत नाही. सुरुवातीलाच शेपर्डला मारून, दोन वर्षांनी जिवंत करून सर्बेरस या मानवी वर्चस्ववादी संघटनेच्या हाती दिले जाते. या भागातील शत्रू असलेल्या कलेक्टरांचा बीमोड झाला तरी रीपरांच्या, म्हणजे सॉव्हरिनसारख्या महाकाय यंत्रांच्या, मुख्य संकटाविषयी आपल्याला पहिल्या भागाच्या शेवटी जे ठाऊक होते त्यात मोलाची भर पडत नाही, आणि शेवटी समोर येणारा अजस्र सांगाडा सॉव्हरिनच्या त्या शांत संभाषणापुढे अगदीच उथळ वाटतो. शिवाय सर्बेरसचे काम करताना जी अस्वस्थता वाटायला हवी ती पहिला भाग खेळलेल्यालाच वाटते, कारण अ‍ॅडमिरल कहोकूच्या सैनिकांचे आणि शेवटी खुद्द त्याचे सर्बेरसने काय केले हे त्यानेच पाहिलेले असते. ओमेगा या अवकाशस्थानकावर आर्केंजल नावाचा बंदूकधारी शिरस्त्राण काढतो तो क्षणही गॅरस या पहिल्या भागातील सोबत्याला आधी ओळखत असाल तरच तुमचा होतो.

थेट दुसऱ्यापासून सुरुवात करण्याचा सर्वांत मोठा तोटा तर याहून ठोस आहे. जुनी सेव्ह फाइल न आणता सुरुवात केली की गेम स्वतःच काही निर्णय गृहीत धरतो, आणि त्यांत रेक्स हा पहिल्या भागातील क्रोगन सोबती व्हर्मायरवर मेलेला असतो. त्याच्या जागी टुचांकावर त्याचा भाऊ रीव्ह बसलेला दिसतो, ज्याला सूडापलीकडे काही सुचत नाही. ‘जेनेसिस’ नावाच्या चित्रकथेतून काही निर्णय निवडता येतात, पण व्हर्मायरच्या किनाऱ्यावर रेक्सने तुमच्यावर बंदूक रोखलेली असताना शब्द शोधण्याचा अनुभव त्या चित्रकथेतून मिळत नाही. तिसऱ्या भागात टुचांकावर जेनोफाजवरील उपचाराबाबत जो निर्णय घ्यावा लागतो त्याचे नैतिक वजन क्रोगनांचा नेता रेक्स आहे की रीव्ह यावर पूर्णपणे बदलते. रीव्ह असेल तर उपचार रोखावा असे सुज्ञ खेळाडूलाही वाटू लागते.

तिसरा भाग चढउतारांचा आहे. टुचांका आणि रॅनॉक येथे तीन भागांचे धागे ज्या रीतीने एकत्र येतात, विशेषतः क्वेरियन आणि त्यांनीच घडवलेली गेथ ही यंत्रे यांच्यातील समेट दुसऱ्या भागात टाली (क्वेरियन) आणि लीजन (गेथ) या सोबत्यांसाठी तुम्ही काय केले होते यावर ज्या प्रकारे अवलंबून राहतो, त्याला तोड नाही. पण इतरत्र निवडीचे परिणाम पुसले गेले आहेत. पहिल्या भागात नोव्हेरिया ग्रहावर रॅक्नाय या कीटकसदृश वंशाच्या राणीला मारले तरी तिसऱ्या भागात तिच्या जागी दुसरी उभी केलेली आहे; परिषदेवर मानवांचा प्रतिनिधी म्हणून अँडरसनला नेमले तरी राजदूत उदिनाच तेथे बसलेला आढळतो. शेवटाविषयी इतका असंतोष झाला की जून २०१२ मध्ये विस्तारित शेवट विनामूल्य द्यावा लागला. त्याने तपशील भरून निघाले, पण शेवटच्या दहा मिनिटांत एका नव्या पात्राकडून साऱ्या संघर्षाचे कारण सांगून घेण्याची मूळ चूक तशीच राहिली. २०१७ च्या ‘अँड्रोमेडा’त हालचाल आणि चकमकी उत्तम आहेत, कथेसाठी मात्र तो खेळावा असे मी सुचवणार नाही.

तेव्हा लेजंडरी एडिशनमध्ये पहिल्या भागाकडे परत जा. त्यात नेमाची शिक्षा काढलेली आहे, मेको सावरलेली आहे आणि लिफ्ट वेगवान आहेत, त्यामुळे तुमच्या तक्रारींपैकी बऱ्याचशा आपोआप मिटतील. खेळाची काठिण्यपातळी कमी ठेवा, निर्जन ग्रहांपैकी कहोकूच्या मोहिमा आणि सोबत्यांच्या मोहिमा तेवढ्या करा आणि बाकीचे सोडून दिले तरी चालेल. गुण वाटताना ‘चार्म’ किंवा ‘इंटिमिडेट’ यांपैकी एक नीट वाढवा, आणि व्हर्मायरला निघण्यापूर्वी रेक्सच्या घराण्याचे चिलखत शोधून त्याला द्या. ते दिलेले असेल तर किनाऱ्यावर गुण कमी पडले तरी त्याला वाचवता येते.