जळगावात मे महिन्यात कार्यक्रम आहे, जलपरीच्या ड्रेसला चिलखत कशाचं करू, पुठ्ठा की फोम?

फोमच घ्या, इव्हीए फोम (स्लिपरच्या तळव्याला असतो तसला), पुठ्ठा घामाने मऊ पडतो. गॅदरिंगचे ड्रेस बनवून देते त्यामुळे हे रोजचंच आहे. छातीच्या भागाला ५-६ मिमी जाडीचा शीट, खवल्यांना २ मिमी पुरे. हीट गनने (गरम हवा फेकणारं यंत्र) गरम करून गुडघ्यावर दाबून धरला की गार होताना तोच बाक राहतो. खवले खालच्या ओळीपासून वर चिकटवत जा, म्हणजे वरची ओळ खालचीवर कौलांसारखी चढते आणि जोड झाकले जातात. रंग द्यायच्या आधी फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून दोन-तीन हात मारा, नाहीतर फोम सगळा रंग पिऊन टाकतो. खरे शिंपले मोजकेच, फार वजन होतं. खांद्यावर शेवाळ हवं तर केळीच्या सोपटाचा धागा हिरवा रंगवून लावा, आपल्याकडे प्लॅस्टिकच्या वेलींपेक्षा तोच छान दिसतो.

फक्त ग्लू गनवर विसंबू नका, आपल्या ४४-४५ डिग्रीत तो गोंद मऊ होऊन खवले सुटतात, चपलेला लावतात ते सोल्युशन वापरा (खिडकी उघडी ठेवून, वास डोक्यात जातो).