परदेशी सिनेमांपासून आपल्या देशाच्या सिनेमाला संरक्षण द्यावं का?

द्यायलाच पाहिजे. पण परदेशी सिनेमांवर नुसती बंदी नाहीतर देशी सिनेमांचा कोटा एवढ्यावर हे भागत नाही. मी पूर्व विदर्भातल्या वडसा-लाखांदूर पट्ट्यातला, आमच्या तालुक्याची टॉकीज बंद होऊन लय वर्षं झाली, आता तिथं धानाचं गोडाऊन आहे, म्हणजे वर्षातले इतके दिवस देशी सिनेमा लावाच असा कायदा उद्या आला तरी आमच्याकडे तो लावणार कुठं?

नुसत्या कोट्याचं काय होते ते इंग्लंडने पाहिलंय. 1927 ला तिथं कायदा झाला की थिएटरात ठराविक टक्के ब्रिटिश सिनेमे पाहिजेतच, तर अमेरिकन कंपन्यांनीच तिथं स्वस्तात, घाईघाईने सिनेमे काढून घेतले अन् कोटा भरून टाकला, लोक त्यांना कोटा क्विकीच म्हणायचे. कोरियात पण कोटा होता, वर्षाला 146 दिवस, तो 2006 ला अमेरिकेसोबतच्या व्यापार कराराच्या वेळी 73 वर आणला तेव्हा तिथले नट-डायरेक्टर रस्त्यावर उतरले होते. तरी त्यांचा सिनेमा बुडाला नाही, कारण तोवर तिथं सिनेमा शिकवणारी सरकारी अकादमी होती, फिल्म कौन्सिल होती, नव्या डायरेक्टरच्या मागे पैसा उभा होता.

मला सगळ्यात जास्त पटते ते फ्रान्सचं. तिथं थिएटरच्या प्रत्येक तिकिटातले जवळपास 10.7 टक्के सीएनसी नावाच्या सरकारी संस्थेकडे जातात, सिनेमा फ्रेंच असो का हॉलीवूडचा. तो पैसा फ्रेंच निर्मात्याला पुढचा सिनेमा काढायला मिळतो आणि थिएटरवाल्याला खुर्च्या, पडदा, मशीन सुधरवायला पण मिळतो. म्हणजे हॉलीवूडचा सिनेमा जितका चालेल तितका फ्रेंच सिनेमाचा गल्ला भरतो, कोणाला अडवायची गरजच नाही!

आपल्याकडे 2015 ला मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला प्राइम टाइम द्या असं सरकारने सांगितलं, चांगलंच केलं, पण जिथं मल्टिप्लेक्सच नाही तिथल्या माणसाचं काय? तिकिटावर जीएसटी आपण भरतोच, त्यातला थोडा वाटा तालुक्याच्या टॉकीजसाठी अन् मराठी सिनेमासाठी बाजूला काढला तर किती फरक पडेल.

आणि खेड्यातले लोक आता घरीच मोबाईलवर पाहतात, तिकीट काढत नाहीत, हे मले बिलकुल पटत नाही. धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या भागात, मंडई (गावची जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू होतात अन् रात्री वडशाच्या कंपनीचं नाटक असते, थंडीत ब्लँकेट पांघरून लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात. माझी आई दर हिवाळ्यात दोन-तीन नाटकं तरी पाहतेच. पण टॉकीज बंद झाली तेव्हापासून मोठ्या पडद्यावर तिने एक सिनेमा पाहिला नाही, मराठी नाही, हिंदी नाही का डब केलेला इंग्रजी पण नाही.