वाचकांचे प्रश्न : रस्ता अरुंद केल्यावर गाड्या जाणार कुठून?

प्रश्न : आमच्या उपनगरातील बाजारपेठेच्या मुख्य रस्त्यावर पदपथ रुंद करून वाहनांची जागा कमी केली जात आहे. संध्याकाळी आधीच कोंडी होते. ग्राहकांनी गाड्या लावायच्या कुठे? सुरक्षिततेच्या नावाखाली ही नुसती सजावट तर नव्हे?
– एक दुकानदार, पुणे

उत्तर : स्मार्ट सिटी योजनेतून औंधच्या डीपी रस्त्याचे पदपथ रुंद झाले, तेव्हाही अशीच शंका घेतली गेली होती आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. मात्र रस्त्यावरून किती वाहने सुटतात, हे बहुतांशी चौकात आणि सर्वांत चिंचोळ्या जागी ठरते. मधल्या भागातली जादा रुंदी संध्याकाळी दुहेरी लावलेल्या गाड्याच अडवून बसतात, हे आपण दुकानाच्या पायरीवरून रोज पाहत असाल.

खरा प्रश्न रस्ता ओलांडणाऱ्यांचा आहे. २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या माणसाला १४ मीटर रुंद रस्ता ओलांडायला सुमारे १२ सेकंद लागतात. चौकाच्या कोपऱ्यावर पदपथ पुढे आणून हे अंतर ७ मीटरवर आणले, तर वाहनांसमोर उघडे राहण्याचा त्याचा वेळ निम्म्याने घटतो, आणि काठी टेकत येणाऱ्या आजींच्या बाबतीत तर हा फरक अधिकच जाणवतो. कोपऱ्याची गोलाई कमी केल्यास वळणाऱ्या वाहनालाही वेग आवरावा लागतो. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीत ३० च्या तुलनेत पावणेतीन पट गतिज ऊर्जा असते, त्यामुळे वेगातली ही घट क्षुल्लक नाही.

सजावटीबद्दलचा आपला संशय मात्र मला रास्त वाटतो. नक्षीदार फरशा आणि कुंड्या यांनी कोणी सुरक्षित होत नाही. उलट कुंड्याच चालणाऱ्याच्या वाटेत येतात. म्हणून कामाचा नकाशा मागून घ्या आणि रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या निकषांप्रमाणे किमान १.८ मीटर रुंदीची, खांब व विजेचे डीपी बॉक्स यांनी न अडवलेली सलग वाट आहे का, तसेच पदपथाची कडा १५० मिलिमीटरहून उंच तर नाही ना, हे तपासा. सोसायट्यांच्या फाटकांपाशी पदपथ खाली न उतरता गाडीनेच हळूहळू वर चढावे, अशी रचना हवी. दर दहा पावलांवर चढउतार असला की लोक पुन्हा रस्त्यावरून चालू लागतात.

पार्किंगचे म्हणाल तर ते सरसकट रद्द करण्याची गरज नाही. झाडांच्या ओळीत, दोन झाडांमधील जागेत ते आखता येते, मात्र चौकाजवळचा भाग मोकळाच हवा. फेरीवाल्यांची जागा २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीच्या विचाराने आधी ठरवून नकाशात दाखवली नाही, तर रुंद पदपथ महिन्याभरात भरून जाईल. आपल्या व्यापारी संघटनेने माल उतरवण्यासाठी सकाळची ठरावीक वेळ आणि त्यासाठी आखलेली जागा लेखी मागावी. काम पूर्ण झाल्यावर ही मागणी पदरात पडणे अवघड असते.