पाण्याची लेन कोरीच हवी

प्रिय पोरी,

तुझा फोन झाल्यापासून चैन नाही. जेलवर पाण्याच्या लेनमध्ये, म्हणजे नमुन्याऐवजी नुसतं पाणी घातलेल्या ट्यूबच्या रांगेत, पुसट बँड (डीएनएचा पट्टा) येतोय, प्रबंधाच्या सिनॉप्सिसची तारीख तोंडावर आहे आणि सीनियर म्हणतात, फोटोतून तेवढी लेन कापून टाक. तू विचारलंस, "सर, एवढं चालतं का?"

नाही चालत. त्या ट्यूबमध्ये तू डीएनए घातलाच नव्हतास, मग बँड आला कुठून? अगदी तळाशी असता तर प्रायमर-डायमर म्हणून (प्रत सुरू करून देणारे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, एकमेकांनाच चिकटले म्हणून) सोडून दिला असता. तुझा नमुन्यांच्याच उंचीवर आहे. पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या, 30 चक्रांत एका रेणूचे, हिशेबाने, शंभर कोटींवर रेणू होतात. जेलच्या टेबलावरच नवं मिश्रण बनवलंस तर जुन्या प्रतींचा डोळ्यांना न दिसणारा तुषारही पुरतो. जे पाण्यात गेलं ते अळीच्या नमुन्यांतही गेलं असेल. बीटीचं विष अळीच्या आतड्यात ज्याला चिकटतं त्या कॅडहेरिनच्या जीनमधला बदल परभणीच्या बोंडअळीत सापडला म्हणून लिहिशील, आणि तो जालन्याच्या अळीचा निघेल! 2017 ला गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं काय केलं, ते तुझ्या घरात मी सांगायला नको. बीटीला ही अळी दाद का देत नाही, हा प्रश्न तू त्यासाठीच घेतलास ना? मग पाण्याची लेन कोरीच हवी.

मी याच हट्टापायी मागे पडलो. फेलोशिपची 5 वर्षं सरली तरी काम पुन्हा करत होतो. बरोबरीचे लेक्चरर झाले. वडिलांना माझी पदवी पाहता आली नाही, ते आजही सलतं. तरी लेन कापली नाही ते बरोबरच केलं. प्रबंधातलं एकही चित्र मला कुणापासून झाकावं लागत नाही.

आता रडणं पुरे. आधी फक्त पाणी बदल. बँड राहिला तर मास्टरमिक्स (पीसीआरचं तयार मिश्रण), मग प्रायमर. एका वेळी एकच; सगळं एकदम बदललंस तर घाण कशात होती ते कधीच कळणार नाही. प्रायमरचे छोटे वाटे करून ठेव. पिपेटच्या फिल्टर टिप्स नसतील तर माझ्याकडून ने. मिश्रण जेलच्या खोलीत करायचं नाही, कितीदा सांगू? पाणी कोरं आलं की सगळे नमुने पुन्हा लाव, आवडीचे निकाल आलेले सुद्धा.

गाईडकडे सीनियरची तक्रार घेऊन जाऊ नकोस. अख्खं जेल दाखव: लॅडर (मापाची लेन), नमुने, पाणी. मुदतवाढीच्या अर्जाचा मसुदा मी बघतो. फोटो आज रात्रीच पाठव, न कापलेला.

तुझा,
सर